स्वप्नं का पडतात? फ्रॉइड, ब्रेनस्टेम आणि मधली मारामारी

उलटतपासणी (धागाकर्ता)

स्वप्नात दात पडले तर काय समजायचं यावर दुसऱ्या धाग्यावर प्रतिसादांचा पाऊस पडला आणि गाडी नेहमीप्रमाणे शकुन-अपशकुनावर गेली. तिथे मानसशास्त्र घुसवलं असतं तर लोक अंगावर आले असते म्हणून हा वेगळा धागा. शकुनवाल्यांनी तिकडेच थांबावं ही नम्र विनंती (दिवे घ्या).

सुरुवात फ्रॉइडपासूनच करावी लागते, इलाज नाही. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक बाहेर आलं 1899 च्या नोव्हेंबरात, पण वर साल छापलं 1900. पहिल्या आवृत्तीच्या 600 प्रती, आणि त्या खपायला आठ वर्षं लागली! म्हणणं असं की प्रत्येक स्वप्नाच्या मुळाशी एक इच्छा असते, पण ती उघड्यावर आणण्यासारखी नसते, म्हणून मन तिला वेषांतर करून पाठवतं. दोन-तीन माणसं मिसळून एक माणूस होतो, महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात सरकते आणि फालतू गोष्ट मध्यभागी येते. आपल्याला आठवतो तो वरचा आशय, खरा आशय खाली दडलेला. जुलै 1895 मधलं त्याचं स्वतःचं स्वप्न यासाठी प्रसिद्ध आहे. इर्मा नावाची पेशंट पूर्ण बरी होत नव्हती, त्याच्या मनात ती टोचणी होती, आणि स्वप्नात निघालं काय तर दुसऱ्याच डॉक्टरने तिला इंजेक्शन दिलंय आणि सिरिंज बहुतेक स्वच्छ नव्हती. म्हणजे दोष माझा नाही, त्याचा. हे वाचताना मला फ्रॉइड आवडतो, कारण स्वतःची लबाडी तो स्वतःच चव्हाट्यावर मांडतो.

पण पुढे एक पेशंट येते. तिला सुट्टीत सासूबरोबर राहायचं नसतं, त्यासाठी तिने बरीच खटपट करून ते टाळलेलं असतं आणि नेमकं स्वप्न पडतं की ती सासूबरोबरच सुट्टीला निघालीय. आता यात इच्छापूर्ती कुठे आली? फ्रॉइड म्हणतो, माझा सिद्धांत चुकीचा ठरावा ही तिची इच्छा होती, ती पूर्ण झाली. बोला आता! छापा आला तरी फ्रॉइड, काटा आला तरी फ्रॉइड. जो सिद्धांत कुठल्याही स्वप्नाने खोटा पडूच शकत नाही तो तपासायचा कसा. अर्थात 1920 मध्ये त्यानेच मान्य केलं की युद्धातून परतलेल्या सैनिकांना तोच स्फोट रोज रात्री दिसतो त्याला इच्छापूर्ती म्हणता येत नाही.

मग 1951. शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की नावाचा पीएचडीचा विद्यार्थी, त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलालाच एका जुनाट मशीनला जोडून झोपवलं आणि रात्री मध्येच कागदावरच्या पेना थयथयाट करायला लागल्या. मुलगा गाढ झोपेत आणि डोळे पापण्यांखाली गरागरा फिरतायत. हीच ती रेम झोप. त्याने आणि त्याचे गाईड क्लाइटमन यांनी ते 1953 मध्ये छापलं, पुढे डिमेंट वगैरेंनी लोकांना रेममधून उठवून विचारलं तर बहुतेक वेळा लोक स्वप्न सांगायचे. झालं, सगळ्यांनी समीकरण मांडून टाकलं, रेम म्हणजे स्वप्न.

त्याच समीकरणावर उभं राहून 1977 साली हार्वर्डच्या हॉब्सन आणि मॅककार्ली यांनी फ्रॉइडवर बॉम्ब टाकला. रेम सुरू होते ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या अगदी तळातल्या, श्वास-झोप सांभाळणाऱ्या भागातून. तिथून वर सिग्नल जातात ते आडवेतिडवे, अर्थ नसलेले, आणि वरचा मेंदू बिचारा त्यातून जमेल तशी गोष्ट जुळवत बसतो. ना इच्छा, ना सेन्सॉर. पळायचा सिग्नल आला की पळतोय असं दिसतं, मग का पळतोय याचं कारण मेंदू मागाहून चिकटवतो.

पण यालाही उतारा निघाला. मार्क सोल्म्सने मेंदूला इजा झालेल्या पेशंटना साधा प्रश्न विचारला, तुम्हाला आता स्वप्नं पडतात का. कपाळामागच्या खोल भागातल्या, प्रेरणा आणि हव्यास यांच्याशी संबंधित तारा तुटलेले लोक म्हणाले, नाही, बंदच झाली. आणि त्यांची रेम झोप शाबूत! म्हणजे रेम आणि स्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. त्यात हा भाग डोपामीनवर चालणारा, म्हणजे "हवंय हवंय" म्हणणारा, त्यामुळे फ्रॉइडवाल्यांना इतक्या वर्षांनी पेढे वाटावेसे वाटले.

माझं मत: स्वप्न पडतंच का, आणि हेच स्वप्न का पडलं, हे दोन प्रश्न आहेत आणि निम्मी भांडणं ते एकच धरल्यामुळे होतात. हॉब्सन पहिल्याचं उत्तर देतोय, फ्रॉइड दुसऱ्याचं, आणि दोघंही समोरच्याला अडाणी म्हणतायत. त्याहून पुढचं, पटणार नाही अशी खात्री असलेलं मत: स्वप्न पडण्याला स्वतःचं असं काही "काम" नसावं, पण म्हणून त्यात जे दिसतं ते निरर्थक ठरत नाही.

तुटून पडा.

---

खोडसाळ

मनी वसे ते स्वप्नी दिसे. संपला विषय. धागा बंद करा.

---

उलटतपासणी

@खोडसाळ, गंमत म्हणून लिहिलंत पण याच अर्थाचा आख्खा सिद्धांत आहे, सातत्याचा सिद्धांत म्हणू. कॅल्विन हॉल नावाच्या माणसाने आयुष्यभर लोकांची स्वप्नं गोळा केली, हजारोंनी, आणि अर्थ वगैरे न लावता नुसती मोजदाद केली. कोण दिसलं, ओळखीचं की अनोळखी, भांडण की मैत्री, घरात की बाहेर. त्याच्यानंतर डॉमहॉफने तेच काम पुढे नेलं. निष्कर्ष असा की माणूस जागेपणी ज्या लोकांची आणि ज्या गोष्टींची काळजी वाहतो तेच स्वप्नात येतं, वेषांतर वगैरे फारसं नाही. एखाद्या माणसाची वर्षानुवर्षांची स्वप्नं घेतली तर त्यांचा साचाही फार बदलत नाही.

पण म्हण अर्धीच खरी. आपण दिवसभर वाचतो, टाइप करतो, हिशोब करतो. स्वप्नात कधी अर्धा तास शांतपणे एक्सेल भरलंय का कुणी? हार्टमन या संशोधकाने लोकांना नेमकं हेच विचारलं होतं आणि वाचन, लेखन, आकडेमोड स्वप्नात जवळजवळ येतच नाही असं निघालं. म्हणजे मनात वसलेलं सगळं दिसत नाही, जे टोचतं ते दिसतं.

---

चौकस चिमणी

मी भरलंय एक्सेल स्वप्नात. सेव्ह करायच्या आधी जाग आली. तो दिवस अख्खा वाईट गेला.

---

घुबड

फ्रॉइडला एवढ्या घाईत निकालात काढू नका. त्याची एक बाजू प्रयोगाने तपासली गेलीय आणि टिकलीय. वेगनर हे नाव ऐकलं असेल, "पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका" वाला. त्याने 2004 मध्ये असं केलं की लोकांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटं मनात येईल ते लिहायचं, पण काहींना सांगितलं अमुक माणसाचा विचार मुळीच करायचा नाही, काहींना सांगितलं त्याचाच करा, काहींना मोकळं सोडलं. सकाळी बघितलं तर ज्यांनी विचार दाबला होता त्यांच्या स्वप्नात तो माणूस जास्त आला. दाबलेलं रात्री उसळी मारतं, हे फ्रॉइडचंच वाक्य झालं की.

---

खोडसाळ

@घुबड हो पण त्याच प्रयोगातला पुढचा भाग गिळलात. तो माणूस आवडता असो की नुसता ओळखीचा, काही फरक पडला नाही. म्हणजे दाबणं महत्त्वाचं, इच्छा नाही. फ्रॉइडच्या गाडीचं एक चाक शिल्लक राहिलं फक्त.

(बघा, आम्हीपण वाचतो अधूनमधून.)

---

घुबड

एका चाकावर सायकली चालतात :)

बरं, फ्रॉइडचा एके काळचा सहकारी युंग, त्याचं नावच नाही कुठे? 1909 मध्ये फ्रॉइड आणि युंग जहाजाने अमेरिकेला गेले तेव्हा वाटेत एकमेकांच्या स्वप्नांचे अर्थ लावत होते. युंगला स्वप्न पडलं होतं एका घराचं, वरचा मजला नीटनेटका, खाली उतरावं तसं जुनं होत जाणारं, सगळ्यात खाली गुहा आणि तिथे दोन कवट्या. फ्रॉइड हटून बसला की कवट्या कुणाच्या ते सांग, म्हणजे कुणाच्या मरणाची इच्छा आहे ते कळेल. युंगने त्याला गप्प करायला बायको आणि मेहुणीचं नाव सांगून टाकलं. त्याला स्वतःला ते घर म्हणजे मनाचे थर वाटत होते, आणि तिथूनच सामूहिक अबोध मनाची (सगळ्या माणसांत सामायिक असलेल्या, नकळतच्या मनाची) कल्पना पुढे आली असं तो सांगायचा. त्याचा दुसरा मुद्दा मला जास्त कामाचा वाटतो, की स्वप्न भरपाई करतं, जागेपणी तुम्ही एका बाजूला फार झुकलात तर स्वप्न दुसऱ्या बाजूला ओढतं. लपवत काही नाही, फक्त त्याची बोली चित्रांची आहे.

---

उलटतपासणी

@घुबड युंग मुद्दाम गाळला. गोष्टी सुंदर, तपासायला काही नाही हाती. भरपाई म्हणायची तर हॉल-डॉमहॉफच्या आकडेवारीत उलटं दिसतं, भांडखोर माणूस स्वप्नातही भांडतोच. पण मेहुणीचा किस्सा आवडला.

---

आडवाटेचा

उत्क्रांतीकडून कुणीच का येत नाहीये? फिनलंडचा रेवोन्सुओ, 2000 साली त्याने मांडलं की स्वप्न म्हणजे धोक्याची रंगीत तालीम. जगभरात सगळ्यात कॉमन स्वप्न कोणतं, तर कुणीतरी मागे लागलंय. स्वप्नात आनंदापेक्षा भीती, पाठलाग, मारामारीच जास्त असते. आता लाखो वर्षांपूर्वीचा माणूस घ्या, ज्याने रात्री झोपेत जनावरापासून पळायची तालीम केली तो दिवसा अर्धा सेकंद आधी पळाला असेल, तो वाचला, त्याची पोरंबाळं म्हणजे आपण. आणि याला पुरावाही आहे, त्याची सहकारी वाली हिने उत्तर इराकमधल्या हिंसा बघितलेल्या कुर्दी मुलांची स्वप्नं फिनलंडमधल्या सुरक्षित वातावरणातल्या मुलांशी ताडून बघितली, तर कुर्दी मुलांच्या स्वप्नात धोके जास्त आणि जास्त भयंकर. धोका दिसला की यंत्रणा जोरात चालू होते, अगदी सिद्धांतात म्हटल्यासारखी.

---

निवांत

@आडवाटेचा तालीम असेल तर दिग्दर्शक बदला. माझ्या स्वप्नात मागे कुणी लागलं की पाय चिखलात रुतल्यासारखे होतात, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही, आणि ऐन वेळी जाग येते. यातून मी शिकलो काय? हरायची प्रॅक्टिस?

शिवाय तोच पुरावा सातत्यवाल्यांनाही चालतो, ज्या मुलांनी दिवसा भयंकर बघितलं त्यांना रात्री भयंकर दिसलं, त्यासाठी उत्क्रांती कशाला हवी. आणि ज्यांना आघातानंतर रोज तेच स्वप्न पडतं ते लोक दिवसा जास्त सक्षम होतात का? उलट झोपेच्या नावाने घाबरतात, खचतात.

---

आडवाटेचा

पाय रुतण्याचं कारण रेममध्ये शरीर लुळं केलेलं असतं हे असू शकतं, तो सिद्धांताचा दोष नाही. आणि तालमीतून शिकायला सगळं लक्षात राहावंच लागतं असं नाही, सायकल शिकताना कुठे लक्षात राहतं कितीदा पडलो. बाकी आघाताचा मुद्दा मान्य, तिथे मला उत्तर सुचत नाही. रेवोन्सुओ म्हणेल की यंत्रणा जुन्या जगासाठी बनली, आजच्या बॉम्बस्फोटासाठी नाही. मला स्वतःलाच हे थोडं पळवाटेसारखं वाटतं.

---

सावली

एवढे मोठे मोठे लोक बोलतायत त्यात माझं साधं स्वप्न टाकते. कॉलेज सोडून जमाना झाला तरी मला परीक्षेचं स्वप्न पडतं. पेपर हातात येतो आणि तो विषय मी घेतलेलाच नसतो, किंवा वर्षभर त्या तासाला बसायचंच विसरलेली असते. पेनाला टोपण लावून परत काढत बसते कारण लिहायला काही नाही, शेजारचा भराभर पुरवण्या घेतोय. उठल्यावर "अगं, तू पास झालीस" असं स्वतःला सांगावं लागतं. ऑफिसात मोठं प्रेझेंटेशन असलं की हमखास. मी नापास कधीच झाले नाही हो, मग हे का?

---

घुबड

@सावली, नापास झाला नाहीत म्हणूनच! फ्रॉइडचं हे निरीक्षण मला अजून भारी वाटतं. तो म्हणतो परीक्षेची स्वप्नं त्याच परीक्षांची पडतात ज्यात माणूस पास झालेला असतो. तो स्वतः न्यायवैद्यकात नापास झाला होता, तो पेपर त्याच्या स्वप्नात कधी आला नाही, यायचे ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, जिथे तो धाकधूक होऊनही सुटला होता. त्याच्या मते उद्याच्या जबाबदारीची भीती वाटली की मन जुनी भीती काढून दाखवतं, बघ, तेव्हाही अशीच टरकली होती आणि शेवटी झालंच ना पार. "तू पास झालीस" हे उठल्यावर तुम्ही म्हणता तो स्वप्नाचाच शेवटचा भाग आहे, असं धरा.

---

खोडसाळ

किंवा मग बहुतेक लोक बहुतेक परीक्षा पासच होतात, त्यामुळे स्वप्नातली परीक्षाही पास झालेलीच निघणार. साधं गणित आहे.

---

सावली

@घुबड तुमचं उत्तर घेते. @खोडसाळ यांचं बरोबर असेलही पण मला उद्या प्रेझेंटेशन आहे.

---

निवांत

आता स्मरणशक्तीवाल्यांचं मांडतो, कारण सध्या जोर त्यांचा आहे. झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणींची आवराआवर करतो हे बऱ्यापैकी पक्कं झालंय. स्वप्न त्या आवराआवरीचा भाग आहे की नुसता खडखडाट, हा वाद.

स्टिकगोल्डचा 2000 सालचा टेट्रिसचा प्रयोग ऐका, मला हा सगळ्यात जास्त चक्रावून टाकतो. लोकांना तीन दिवस रोज काही वेळ टेट्रिस खेळायला लावलं आणि डोळा लागताना उठवून विचारलं काय दिसतंय, तर वरून पडणारे ठोकळे. इथवर ठीक. पण त्यात स्मृतिभ्रंशाचे पेशंटही होते, ज्यांना नवीन काही आठवतच नाही, खेळ खेळल्याचंही नाही. त्यांच्यातल्याही काहींना ठोकळे दिसले! ते म्हणायचे काहीतरी आकार फिरतायत, कशाचे ते माहीत नाही. म्हणजे झोपेतली चित्रं "अमुक दिवशी अमुक केलं" या कप्प्यातून येत नाहीत, त्याखालच्या कुठल्यातरी कप्प्यातून येतात. मग स्वप्नात काल-परवाच्या घटना जशाच्या तशा न येता तुकड्यांत का येतात तेही थोडं उलगडतं.

2010 मध्ये त्याच गटाने कॉम्प्युटरवरचा भूलभुलैया शिकवून लोकांना दुपारची डुलकी काढायला लावली, ज्यांना डुलकीत त्या भूलभुलैयाचं काही दिसलं त्यांची कामगिरी नंतर जास्त सुधारली. पण असे लोक मोजकेच होते, त्यामुळे फार नाचू नये.

आणि याच्या बरोब्बर उलटं म्हणणारा क्रिक, तोच डीएनएवाला. त्याने मिचिसनबरोबर 1983 मध्ये लिहिलं की आपण स्वप्न बघतो ते विसरण्यासाठी. मेंदूत जमलेल्या चुकीच्या जोडण्या रेममध्ये सैल केल्या जातात, स्वप्न म्हणजे तो बाहेर जाणारा कचरा, त्यामुळे स्वप्नं आठवायचा प्रयत्न करू नका असा सल्लासुद्धा. पुरावा म्हणून एकिड्ना नावाचा अंडी घालणारा सस्तन प्राणी, ज्याला रेम नाही असं तेव्हा वाटत होतं आणि मेंदूचा पुढचा भाग मात्र केवढातरी मोठा, म्हणजे साफसफाई नाही म्हणून जागा जास्त लागते. नंतर एकिड्नातही रेमसारखी लक्षणं सापडली आणि ती हवा गेली. अलीकडे 2021 मध्ये एरिक होएलने त्याच्या जवळचं काही मांडलंय, एआयवाल्यांना लगेच कळेल, की मॉडेल एकाच डेटावर फार घोटलं की घोकंपट्टी करतं, म्हणून त्यात मुद्दाम गोंधळ मिसळतात, आणि स्वप्नाचा विचित्रपणा हाच तो गोंधळ. म्हणजे विचित्र असणं हा बिघाड नसून तेच त्याचं काम. कल्पना झकास, पुरावा यायचाय.

---

उलटतपासणी

@निवांत जबरदस्त प्रतिसाद. फक्त एक टोचणी. डिप्रेशनवरची बरीच औषधं रेम झोप चांगलीच कमी करतात, काही जुनी तर जवळजवळ बंदच करतात, आणि लोक ती वर्षानुवर्षं घेतात. रेममधल्या स्वप्नांवर स्मरणशक्तीचा डोलारा उभा असता तर या लोकांची आठवण कोसळायला हवी होती. तसं होताना दिसत नाही.

---

निवांत

रेम गेली तरी स्वप्नं जातात असं नाही ना. बिगर-रेम झोपेतून उठवलेले लोकही स्वप्नं सांगतात, फोक्सने हे 60 च्या दशकातच दाखवलं. तुमच्याच मूळ पोस्टमधला सोल्म्सचा मुद्दा तुमच्यावर उलटला बघा.

---

उलटतपासणी

बरोब्बर पकडलंत. पण मग सोल्म्सचे ते पेशंट, स्वप्नंच बंद झालेले, त्यांचं आठवणींच्या बाबतीत काय झालं हे पाहायला हवं. माझा सगळा भर तिथे आहे.

---

पांढरा कोट

मी झोपेवरच काम करते म्हणून दोन गोष्टी. वर कुणीतरी शरीर लुळं होण्याचा उल्लेख केलाय. ते दाखवलं फ्रान्समध्ये मिशेल जुवे यांनी, मांजरांच्या ब्रेनस्टेममधला स्नायू लुळे करणारा भाग निकामी करून. ती मांजरं झोपेतच उठायची, नसलेल्या भक्ष्यावर दबा धरायची, पंजा मारायची, अंग फुलवायची, आणि समोर खरं खाणं ठेवलं तर ढुंकून बघायची नाहीत. ज्यांना वाटतं प्राण्यांना स्वप्नं पडत नाहीत त्यांनी याचा विचार करावा.

माणसातही हे होतं. 1986 मध्ये शेंक आणि माहोवाल्ड यांनी असे पेशंट नोंदवले, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे पुरुष, झोपेत ठोसे मारणारे, पलंगावरून उडी घेणारे, आणि उठवल्यावर सांगायचे की अंगावर कुत्रा आला होता किंवा चोराशी झटापट चालू होती. हे झोपेत चालण्यापेक्षा वेगळं.

---

चौकस चिमणी

@पांढरा कोट, गंमत नाही करत आता. बाबा गेल्या काही महिन्यांपासून पहाटे हात झाडतात, एकदा आईच्या खांद्याला जोरात लागलं. सकाळी म्हणतात कुणीतरी ओढत होतं. आम्ही हसण्यावारी नेत होतो. हे तेच का?

---

पांढरा कोट

चिमणी, इथून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण हसण्यावारी नेऊ नका. न्यूरॉलॉजिस्ट किंवा झोपेच्या तज्ज्ञांना दाखवा, रात्रभराची झोपेची तपासणी करतात त्यात स्पष्ट होतं. श्वास अडकण्याच्या त्रासामुळे किंवा काही औषधांमुळेही असं होऊ शकतं, त्यामुळे चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. हा विकार असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्या जातीचा आजार होताना दिसतो, म्हणून लवकर कळलेलं बरं. तोवर पलंगाशेजारचं टोकदार, काचेचं सामान हलवा आणि आईंना काही दिवस वेगळं झोपू दे.

---

चौकस चिमणी

थँक्यू. आजच दादाला फोन करते.

---

मुक्काम पोस्ट

मी सहसा वाचनमात्र असतो. माझा भाऊ अपघातात गेला तेव्हा गाडीत मी होतो. मला अपघात स्वप्नात दिसत नाही, पाण्याची भिंत दिसते, समुद्रासारखी, आणि मी काठावर उभा. पाण्याचा आमच्या अपघाताशी काही संबंध नाही. वरचे सगळे सिद्धांत वाचून यातलं नेमकं कुठे बसतं ते कळलं नाही.

---

घुबड

@मुक्काम पोस्ट, वाचून वाईट वाटलं. वर ज्या हार्टमनचं नाव आलंय त्याचं मुख्य काम यावरच आहे. आघातातून गेलेल्या लोकांना लाटेचं स्वप्न पडतं हे त्याला पुन्हा पुन्हा आढळलं, आगीतून वाचलेल्यालाही लाटच. त्याचं म्हणणं की स्वप्न घटना दाखवत नाही, भावना दाखवतं. "माझ्या हातात काहीच नव्हतं, ते अंगावर आलं" याचं चित्र करायचं तर मेंदू लाट काढतो. त्याला तो मध्यवर्ती प्रतिमा म्हणायचा, आणि अशी प्रतिमा हळूहळू आयुष्यातल्या इतर गोष्टींशी जोडली जाते, तसतशी तिची धार कमी होते असं त्याला वाटायचं.

रोझालिंड कार्टराइटने घटस्फोटातून जाणाऱ्या, डिप्रेशन आलेल्या लोकांवर असंच काम केलं होतं. ज्यांच्या स्वप्नात जोडीदार येत होता, आणि तोही नुसता कोपऱ्यात उभा नाही तर रागलोभासकट, ते वर्षभराने जास्त सावरलेले निघाले. म्हणजे स्वप्न पडतंय हे बिघडल्याचंच लक्षण असं नाही.

---

पांढरा कोट

यात भर घालते. मॅथ्यू वॉकरसारखे संशोधक म्हणतात की रेममध्ये नॉरअ‍ॅड्रिनलिन, म्हणजे ताणाच्या वेळी मेंदूला खडबडून जागं करणारं रसायन, अगदी तळाला असतं, त्यामुळे जुनी आठवण वर येते पण तिच्या मागची धडधड नसते, आणि असं करत करत आठवण राहते, चटका कमी होतो. आघाताच्या दुःस्वप्नात ही प्रक्रिया मध्येच तुटते, माणूस घामाघूम होऊन उठतो आणि दुसऱ्या रात्री परत पहिल्यापासून.

स्वप्न फार त्रास देत असेल तर एक पद्धत आहे जी खरंच उपयोगी पडते. दिवसा, जागेपणी, ते स्वप्न लिहायचं, त्यात हवा तो बदल करायचा, शेवटच बदलायचा असं नाही, कुठलाही, आणि बदललेली गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणायची. क्रॅको आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर याचा अभ्यास केला, दुःस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. अर्थ लावायची गरज पडत नाही. पण एकट्याने करू नका, समुपदेशकाबरोबर करा.

---

मुक्काम पोस्ट

दोघांचेही आभार. आगीतून वाचलेल्यालाही लाट दिसते हे माहीत नव्हतं. बघतो.

---

आडवाटेचा

@उलटतपासणी, आता सांगा, रेखाटलेली भावना, सैल होणारा चटका, आणि तुम्ही म्हणताय काम काही नाही?

---

उलटतपासणी

प्रश्न रास्त आहे. तरी टिकून राहतो. झोप भावना निवळते हे मान्य, रेममध्ये रसायनं बदलतात हेही मान्य. पण ते काम *स्वप्न दिसल्यामुळे* होतं की स्वप्न दिसो न दिसो होतच असतं? आपण बहुतेक स्वप्नं विसरतो. फोक्सने लहान मुलांना वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत झोपवलं, तर पाच वर्षांखालची मुलं रेममधून उठवल्यावर जेमतेम 15 टक्के वेळा काही सांगायची, आणि तेही एखादं हालचाल नसलेलं चित्र, बहुतेकदा प्राण्याचं, स्वतः त्यात नाहीतच. म्हणजे स्वप्न बघणं ही कल्पनाशक्तीबरोबर वाढत जाणारी गोष्ट आहे. धोक्याची तालीम किंवा भावनांची निगा ही जन्मजात यंत्रणा असेल तर ज्या वयात सगळ्यात जास्त शिकायचं त्याच वयात ती बंद कशी?

डॉमहॉफचं म्हणणं मला पटतं, जागेपणी मन मोकळं सुटलं की भरकटतं, झोपेत बाहेरचं जग आणि आतला मुकादम दोन्ही नसतात तेव्हा तेच भरकटणं पूर्ण जोरात होतं. भरकटणाऱ्या मनाला जे खुपतं तेच त्यात दिसतं. माणसं त्याचा उपयोग करून घेतात ते वेगळं. ऑटो लोवीला बेडकाच्या हृदयाचा प्रयोग स्वप्नात सुचला, मध्यरात्री चिठ्ठीवर खरडला, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तर या वेळी वाट न बघता उठून थेट प्रयोगशाळेत गेला, आणि 1936 चं नोबेल. पण त्याच्या आधी कित्येक वर्षं तो प्रश्न त्याच्या डोक्यात होता.

---

आडवाटेचा

नोबेल मिळालं आणि म्हणे काम नाही. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

---

खोडसाळ

लहान मुलांना स्वप्नं पडत नाहीत की सांगता येत नाहीत? तीन वर्षांच्या पोराला दुपारी काय खाल्लं विचारलं तरी तो डायनोसॉर सांगतो.

---

उलटतपासणी

फोक्सवर हाच आक्षेप घेतला जातो. त्याचं उत्तर असं की ज्या मुलांची चित्रं मनात फिरवायची क्षमता चांगली, ठोकळ्यांचे आकार जुळवायची वगैरे, ती जास्त स्वप्नं सांगायची. ज्यांची भाषा चांगली ती नव्हे. सांगता येणं हीच अडचण असती तर उलटं दिसलं असतं.

---

सावली

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे), कुणी ल्युसिड ड्रीमिंगवर लिहा ना. मला एकदाच झालं, स्वप्नातच कळलं की हे स्वप्न आहे, आणि आनंदाच्या भरात जागच आली.

---

निवांत

@सावली सगळ्यांचं तेच होतं सुरुवातीला. हे थोतांड नाही हे 1975 मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी आणि मग स्टॅनफर्डला लाबर्जने दाखवलं. शरीर लुळं असलं तरी डोळे हलतात, म्हणून आधीच ठरवायचं की स्वप्नात भान आलं की डोळे डावीकडे-उजवीकडे अमुक वेळा फिरवायचे, आणि मशीनवर ती खूण रेम चालू असतानाच उमटली. 2021 मध्ये तर चार देशांतल्या गटांनी मिळून झोपलेल्या माणसाशी चक्क संवाद केला. बाहेरून विचारलं 8 वजा 6 किती, झोपलेल्याने डोळे दोनदा फिरवले. सगळ्यांना जमलं नाही, बहुतेक वेळा उत्तर आलंच नाही, पण जेव्हा आलं तेव्हा चुकीपेक्षा बरोबर जास्त वेळा आलं.

यामुळे एक मोठी अडचण सुटू शकते. आजवर स्वप्नाचं सगळं संशोधन उठल्यावरच्या आठवणीवर चाललंय, आता ते चालू असताना विचारता येईल.

---

खोडसाळ

म्हणजे माणूस गाढ झोपेत वजाबाकी करतो, आणि धागाकर्ता म्हणतो स्वप्नात आकडेमोड येत नाही.

---

उलटतपासणी

@खोडसाळ "जवळजवळ" लिहिलंय, वर जाऊन बघा. आणि ती वजाबाकी बाहेरून विचारलेली होती, तुमच्यासारख्या कुणीतरी झोपमोड करून.